ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरतं? ईको, व्हॅनवाल्यांनी डिस्क कधी तपासायची, कधी घासायची अन् कधी बदलायची

छत्रपती संभाजीनगर : जिल्ह्यातल्या बहुतेक गावांत आज एखादी तरी ईको उभी दिसते. सकाळी शाळेची पोरं, दुपारी बाजाराला भाजीपाला, शनिवारी खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला माणसं, लग्नसराईत वऱ्हाड. एकच गाडी सगळी कामं ओढते. इंजिन ऑइल वेळेवर बदललं जातं, टायर डोळ्यांना दिसतात म्हणून तेही बदलले जातात. ब्रेकची डिस्क मात्र चाकाच्या आड असते, त्यामुळे आवाज येईपर्यंत तिच्याकडं कोणी बघत नाही. आवाज आला की गॅरेजमध्ये दोनपैकी एक उत्तर मिळतं : "लेथवर फेसिंग मारून आणू" नाहीतर "डिस्क गेली, नवी टाका". यातलं खरं कोणतं, हे गाडीमालकाला स्वतः ताडून बघता येतं. त्यासाठी एक आकडा लागतो, आणि तो बहुतेक वेळा डिस्कवरच कोरलेला असतो.

डिस्क कुठं असते, ड्रम कुठं

डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी बिडाची ताटली (बीड म्हणजे ओतीव लोखंड, जिल्हा नव्हे). पेडल दाबलं की कॅलिपर नावाचा चिमटा दोन्ही बाजूंनी पॅड या ताटलीवर आवळतो आणि घर्षणानं गाडी थांबते. गाडीचा सगळा वेग तिथं उष्णता होऊन बाहेर पडतो. म्हणून पॅड झिजतं तशी डिस्कही झिजते, फक्त हळू.

ईको, एर्टिगा, बोलेरो या आपल्याकडं जास्त दिसणाऱ्या गाड्यांना पुढच्या दोन चाकांना डिस्क आणि मागं ड्रम असतात. १९८४ साली आलेली मारुती व्हॅन, म्हणजे पुढं जिला ओम्नी म्हणू लागले, तिचं उत्पादन २०१९ मध्ये बंद झालं. पण खेड्यात ती अजून पळते आहे. जुनी गाडी असेल तर आधी पुढच्या चाकात मोबाईलचा टॉर्च मारून बघावं. चकचकीत ताटली दिसली तर डिस्क, बंद डब्यासारखं दिसलं तर ड्रम. ब्रेक मारल्यावर गाडीचं वजन पुढं झुकतं, त्यामुळे थांबवण्याचं जास्त काम पुढचीच चाकं करतात. पुढची डिस्क खराब म्हणजे अर्ध्याहून जास्त ब्रेक खराब, असा हिशोब धरायला हरकत नाही.

तपासायची वेळ

साधारण नियम असा की दर १० हजार किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा पुढची चाकं खोलून डिस्क आणि पॅड बघावेत. पण हा नियम डांबरी रस्त्यावर एकटादुकटा माणूस फिरणाऱ्या गाडीसाठी ठीक. जी गाडी रोज घाट उतरते, पावसाळ्यात काळ्या मातीच्या शेतरस्त्यानं जाते किंवा कापसाची बोचकी अन् खताची पोती वाहते, तिची तपासणी पाच-सहा हजारांवर करावी. पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या आसपास एकदा चाक खोललंच पाहिजे. चिखल कॅलिपरच्या खाचेत वाळून दगडासारखा होतो आणि पॅड मागं सरकायची जागा अडवतो.

वेळेआधीच बघावं लागेल अशी लक्षणं वेगळी आहेत. ब्रेक मारताना स्टेअरिंग थरथरणं किंवा पायाखाली पेडल धडधडणं हे डिस्कची जाडी सगळीकडं सारखी नसल्याचं लक्षण असतं. एकसारखी बारीक शिट्टी येत असेल तर बऱ्याच पॅडना असलेली इशाऱ्याची पत्री डिस्कला लागू लागली आहे; पॅड बदलायची ती वेळ. खर्रर्र असा लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला म्हणजे पॅडचं मटेरियल संपून मागची पट्टी डिस्कला खात आहे. त्या गाडीनं त्या दिवशी एकही फेरी मारू नये. ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढत असेल तर एक कॅलिपर जाम असण्याची शक्यता जास्त.

काही गोष्टींना उगाच घाबरायचं कारण नाही. गाडी रात्रभर पावसात उभी राहिली की सकाळी डिस्कवर तांबूस गंज दिसतो. बीड आहे, ते गंजणारच. दोन-चार ब्रेक मारले की पॅड तो पुसून काढतात. गाडी दोन-तीन महिने बाभळीखाली उभी राहिली असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा गंज खड्डे पाडतो आणि पॅडच्या आकाराचा डागही पडतो. तो ब्रेकनं जात नाही. नखाला जेमतेम जाणवतील अशा बारीक गोल रेघा प्रत्येक चालत्या डिस्कवर असतात. त्या बघून डिस्क बदला म्हणणाऱ्याला "मोजून दाखव" म्हणावं.

घरी काय बघता येतं

गाडी सपाट, टणक जागी लावायची. काळ्या मातीत जॅक खचतो, खाली जाड फळी हवी. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये. फक्त जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, किती का घाई असेना.

चाक काढलं की डिस्कची बाहेरची बाजू समोर येते. आतली बाजू दिसत नाही आणि घोटाळा बहुतेक तिथंच असतो. कॅलिपरची पिन जाम झाली की आतलं पॅड जास्त झिजतं. बाहेरून डिस्क आरशासारखी आणि आतून नांगरलेली, असा प्रकार होतो. स्टेअरिंग पूर्ण वळवून, मागच्या बाजूनं टॉर्च मारून आतली बाजू बघावीच. पॅडचं मटेरियल, म्हणजे लोखंडी पट्टी सोडून उरलेला थर, ३ मिमीच्या आसपास आला असेल तर पॅड बदलायचे. त्याहून थांबलं तर वाचलेल्या पैशाच्या कितीतरी पट पैसे डिस्कला लागतात.

डिस्कच्या अगदी कडेला, जिथं पॅड पोचत नाही, तिथं उंच कड उरलेली दिसते. ती कड बोटाला स्पष्ट लागते. जुन्या डिस्कची मूळ जाडी किती होती आणि किती झिजली याचा तो घरगुती अंदाज. निळसर-जांभळे डाग दिसले तर डिस्क कधीतरी फार तापली आहे. कडेपर्यंत गेलेला किंवा बोल्टच्या भोकापासून निघालेला तडा दिसला तर पुढं मोजायचं काही कारण नाही, डिस्क काढून टाकायची. पोकळ, म्हणजे मध्ये हवेच्या खाचा असलेल्या डिस्कमध्ये त्या खाचा गंजून फुगल्या असतील, तरी तेच.

गॅरेजमध्ये ब्रेकमधली धूळ हवेच्या पाइपानं फुंकून काढतात, ते मुळीच करू देऊ नये. स्वस्त लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते छातीत गेलं की बाहेर येत नाही. ओल्या फडक्यानं पुसायचं, तोंडाला रुमाल बांधायचा.

खरा निकाल आकड्याचा

बहुतेक डिस्कच्या टोपीवर किंवा कडेला 'मिन' नाहीतर 'मिन टीएच' अशी इंग्रजी अक्षरं आणि पुढं मिलिमीटरमध्ये आकडा कोरलेला असतो. गंजाखाली झाकला असेल तर तारेच्या ब्रशनं घासायचा. या जाडीच्या खाली डिस्क वापरायची नाही, असा त्याचा अर्थ. प्रत्येक गाडीचा, कधी एकाच गाडीच्या वेगवेगळ्या वर्षांच्या मॉडेलचाही आकडा वेगळा असतो. शेजारच्या गाडीचा आकडा आपल्याला लावू नये. कोरलेला सापडलाच नाही तर चेसिस नंबर सांगून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर विचारावा.

आता मोजायचं. साधा व्हर्नियर कडेवर लावला तर तो न झिजलेली कड मोजतो आणि जाडी खोटी जास्त दाखवतो. हीच चूक जास्त होते. मायक्रोमीटर असेल तर कडेपासून साधारण १० मिमी आत, गोलाभोवती आठ ठिकाणी मोज घ्यायचा. मायक्रोमीटर नसेल तर एक जुगाड चालतो. एकसारखी दोन नाणी घ्या, दोन्हींची मिळून जाडी व्हर्नियरनं मोजून लिहा. मग डिस्कच्या दोन्ही बाजूंना, कडेच्या आत झिजलेल्या पट्ट्यावर एकेक नाणं धरून सगळं मिळून मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा. नाणं कडेपेक्षा जाड असल्यामुळे व्हर्नियर कडेला अडत नाही. मायक्रोमीटरइतका नेमका आकडा मिळत नाही, पण डिस्क हद्दीच्या जवळ आहे की लांब, हे नक्की कळतं. आठपैकी सगळ्यात कमी भरलेला आकडा तो आपला आकडा. सरासरी काढायची नाही.

डिस्क पातळ झाली तर बिघडतं काय? ब्रेक तर लागतोच, असं पुष्कळजण म्हणतात. डिस्क हे उष्णता साठवायचं भांडं आहे. भांडं लहान झालं की लवकर तापतं. सपाटीवर फरक कळत नाही, घाटात कळतो. शिवाय पातळ डिस्कवर संपलेलं पॅड आलं की कॅलिपरमधला पिस्टन नेहमीपेक्षा जास्त बाहेर येतो, आणि मग तेल गळणं किंवा पिस्टन जाम होणं ठरलेलं.

"डिस्क वाकली" म्हणजे काय

स्टेअरिंग थरथरलं की गॅरेजवाला म्हणतो, डिस्क वाकली, बेंड आला. खरं तर बीड सहजासहजी वाकत नाही. बहुतेक वेळा डिस्कची जाडी कुठं कमी, कुठं जास्त झालेली असते. फरक किती, तर शंभरात दोन मिलिमीटर, म्हणजे ०.०२ मिमी एवढाही पायाला जाणवू शकतो. माणसाचा केस याच्या तिप्पट जाड असतो.

हा फरक येतो कुठून, हे कळल्याशिवाय डिस्क घासणं वा बदलणं दोन्ही वाया. सगळ्यात जास्त दिसणारं कारण म्हणजे हबवरचा गंज आणि चिखल. डिस्क जिथं हबला टेकते तिथं गंजाचा पापुद्रा अडकला तर डिस्क किंचित तिरकी बसते. गाडी चालताना तिची एकच जागा दर फेऱ्याला पॅडला चाटून जाते आणि काही हजार किलोमीटरनंतर ती जागा पातळ होते. दुसरं कारण चाकाचे नट. पंक्चरवाला एअर गननं एकेक नट कचकन आवळतो. नट समोरासमोरच्या क्रमानं, दोन-तीन टप्प्यांत, हातपान्यानं आवळले पाहिजेत. तिसरं कारण घाट उतरल्यावर लालेलाल तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून गाडी उभी ठेवणं. पॅडचं मटेरियल त्या एका जागी चिकटतं. घाटाखाली थांबायचंच असेल तर थोडं अंतर ब्रेक न लावता गाडी चालवून डिस्क निववावी, मग उभी करावी.

डिस्क तिरकी फिरते का, हे डायल गेजनं बघतात. मापाची हद्द गाडीगणिक बदलते. बहुतेक गाड्यांत ती ०.१० मिमी किंवा त्याहून कमी असते. डायल गेज नसलेल्या गॅरेजनं "वाकली" म्हटलं तर तो अंदाज समजावा.

लेथवर घासणं कधी परवडतं

घासणं, फेसिंग, टर्निंग, स्किमिंग. नावं अनेक, काम एक. डिस्कच्या दोन्ही बाजूंचा वरचा थर लेथवर काढून ती पुन्हा सपाट करायची. वाळूज, चिकलठाणा, रेल्वे स्टेशन एमआयडीसीमुळे आपल्या जिल्ह्यात लेथची कमी नाही. पण लेथ आहे म्हणून ब्रेकची डिस्क नीट होईलच असं नाही. ती हबवर बसते तशीच, त्याच मधल्या भोकावर नेमकी धरली पाहिजे. पाइप कापणाऱ्या लेथवर चकमध्ये कशीही आवळून घासली तर सपाट होण्याऐवजी आणखी तिरकी होऊन येते. दोन्ही बाजू एकाच बसणीत घासणारा ब्रेक लेथ किंवा गाडीवरच डिस्क घासणारं मशीन असेल तिथंच हे काम द्यावं.

हिशोब साधा आहे. समजा डिस्कवर कमीत कमी जाडी १५ मिमी लिहिली आहे. मोजल्यावर १७ भरली. चर दोन्ही बाजूंना ०.३ मिमी खोल आहेत, म्हणजे घासून ०.६ जाणार. उरली १६.४. अजून १.४ मिमी जीव आहे, पॅडचा नवा जोड आरामात निघेल, घासणं फायद्याचं. आता तीच डिस्क १५.८ भरली असती तर? ०.६ गेल्यावर उरली १५.२. कागदावर पास. पण नवे पॅड अर्धेही झिजायच्या आत ती हद्दीखाली जाणार, तेव्हा पुन्हा चाक खोला, पुन्हा मजुरी, पुन्हा नवी डिस्क. लेथला दिलेले पैसे पाण्यात. घासून झाल्यावरची जाडी हद्दीच्या वर पाहिजेच, वर पुढच्या झिजेपुरती शिल्लकही पाहिजे.

लहान व्हॅनच्या डिस्क मुळातच हलक्या असतात, त्यामुळे एकदा घासण्याइतकी जागा निघते, दुसऱ्यांदा क्वचितच. लेथची मजुरी, जायचं-यायचं पेट्रोल आणि गाडीचा बुडालेला दिवस एकत्र धरला तर ईकोसारख्या गाडीला पुष्कळदा नवी जोडीच स्वस्त पडते. इनोव्हासारख्या जड गाडीची डिस्क महाग, तिथं घासण्याचा विचार जास्त पटतो. दर दुकानागणिक वेगळे आहेत. आधी दोन्हींचे भाव फोनवर विचारून मग चाक खोलावं.

घासायचं कधीच नाही अशाही डिस्क असतात. तडा गेलेली, निळी पडून कडक डाग आलेली (ती डागाची जागा लेथच्या टूलला दाद देत नाही आणि थोड्या दिवसांत पुन्हा उंचवटा धरते), गंजानं खोल खड्डे पडलेली. आणि चांगली, मापात असलेली, न थरथरणारी डिस्क केवळ पॅड बदलतोय म्हणून घासायची गरज नाही. वर थोडी चकाकी आली असेल तर १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं हातानं गोल-गोल घासली तरी नवं पॅड धरतं.

लेथवरून आलेली डिस्क साबणाच्या पाण्यानं धुऊन, वाळवून मगच बसवायची. लोखंडाचा बारीक कीस तिच्यात अडकलेला असतो.

बदलताना

डिस्क नेहमी जोडीनं बदलायची. एक जुनी एक नवी ठेवली तर गाडी ब्रेकला एकीकडं ओढते, आणि पावसात तसं होणं जिवावर बेततं. नव्या डिस्कला जुने पॅड लावू नयेत; जुन्या पॅडवर जुन्या चरांचा साचा उमटलेला असतो.

पार्ट घेताना बिल, पॅकिंगवरचा पार्ट नंबर आणि नव्या डिस्कवर कोरलेला 'मिन'चा आकडा बघून घ्यावा. ज्या डिस्कवर कंपनीचं नाव नाही, आकडा नाही, ती कितीही स्वस्त मिळाली तरी नको. जुन्या बाजारातली 'कमी चाललेली' डिस्क घेणाऱ्यांची जिल्ह्यात कमी नाही. व्हर्नियर अन् दोन नाणी खिशात ठेवून मोजूनच घ्यायची असेल तर घ्यावी.

बसवताना मिस्त्रीजवळ उभं राहून चार गोष्टी बघाव्यात. एक, हबचा गंज तारेच्या ब्रशनं पांढरा होईपर्यंत काढला का. दोन, नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरनं पुसलं का. ते राहिलं तर पॅड तेलकट होऊन ब्रेक घसरतो. तीन, कॅलिपर काढल्यावर तो ब्रेकच्या रबरी पाइपाला लोंबकळत सोडला नाही ना. तारेनं वर बांधून ठेवावा लागतो. ज्या गाडीला एबीएस आहे (एप्रिल २०१९ पासून नव्या प्रवासी गाड्यांना ते बंधनकारक झालं) तिथं हबजवळची सेन्सरची वायरही ताणू नये. चार, कॅलिपरच्या पिना काढून साफ केल्या का आणि त्यांना ब्रेकचंच ग्रीस लावलं का. बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि पिन पुन्हा जाम. हे चौथं काम मजुरीत धरलेलं नसतं म्हणून टाळलं जातं, आणि सहा महिन्यांनी तीच डिस्क त्याच बाजूनं खाल्लेली निघते.

गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत आठ-दहा वेळा दाबायचं. पिस्टन मागं ढकललेला असतो, पहिलं पेडल थेट तळाला जातं. गॅरेजच्या दारातच गाडी समोरच्या भिंतीला भिडल्याचे प्रकार यानंच होतात. नंतर मोकळ्या रस्त्यावर ५०-६० च्या वेगातून १५-२० पर्यंत हलक्या पायानं, पूर्ण न थांबता, वीसेक वेळा ब्रेक लावायचे, मध्ये मध्ये गाडी नुसती पळू द्यायची. पॅड आणि डिस्क एकमेकांना बसतात. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर घाट आणि भरगच्च भाडं टाळलेलं बरं.

आपल्याकडचे घाट

कन्नडहून चाळीसगावकडं उतरणारा औट्रम घाट, अजिंठ्याहून फर्दापूरकडचा उतार, दौलताबादचा घाट, खुलताबादहून वेरूळला उतरणारी वळणं, म्हैसमाळचा रस्ता. डिस्कची खरी परीक्षा इथं होते. औट्रम घाटात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानं ऑगस्ट २०२३ पासून जड वाहनांना बंदी घालण्यात आली; त्या आधीच्या रांगा ज्यांनी बघितल्यात त्यांना आता घाट मोकळा वाटतो आणि छोट्या गाड्यांचा वेग वाढतो.

भरलेली ईको साधारण दीड टनाची धरा. ती ६० च्या वेगातून एकदा पूर्ण थांबवली तर ब्रेकमध्ये जेवढी उष्णता तयार होते, त्याच्या सात पट उष्णता फक्त १०० मीटर उंची ब्रेकवर उतरताना तयार होते. सपाटीवर ती सात ब्रेकांत विभागून, मध्ये वारा लागून निघून जाते. घाटात सलग साठते. पाचऐवजी दहा माणसं बसवली तर वजनाच्या प्रमाणात आणखी वाढते. डिस्क आधीच पातळ असेल तर पॅड गुळगुळीत होऊन पेडल दाबलं तरी गाडी धरत नाही, किंवा ब्रेक ऑइलला उकळी फुटून पेडल फुसकं होतं.

म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा. न्यूट्रल करून पेट्रोल वाचतं ही समजूत कार्ब्युरेटरच्या जमान्यातली. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये पाय सोडून उतरलं की इंजिन पेट्रोल घेणंच थांबवतं. न्यूट्रलमध्ये उलट चालू राहायला थोडं पितं. अन् चावी बंद करून उतरणाऱ्यांचा ब्रेक बूस्टर दोन-तीन दाबांत संपतो, मग पेडल दगडासारखं होतं.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि ओल शिरली की लवकर उकळतं. दोन वर्षांनी ते बदलावं, डबीवर डॉट ३ की डॉट ४ ते टाकीच्या झाकणावर लिहिल्याप्रमाणं. ओढ्यातून, पाण्यातून गाडी काढली तर पुढं पाचपन्नास पावलं हळू जात हलका ब्रेक दाबून डिस्क वाळवायची. मात्र घाट उतरून आल्या आल्या, डिस्क तापलेली असताना चाकांवर बादलीनं पाणी मारू नये. तडे तिथूनच सुरू होतात.

मागच्या ड्रमचं काय

तत्त्व तेच, आकडा उलटा. ड्रम आतून झिजतो आणि मोठा होतो, म्हणून त्यावर जास्तीत जास्त व्यास कोरलेला असतो. हँडब्रेक दोरी वर आली तरी धरत नसेल, मागून खरवड ऐकू येत असेल तर ड्रम खोलावा. पुढच्या डिस्क नव्या टाकून मागचे शू तसेच संपलेले ठेवले तर सगळा भार पुन्हा पुढं येतो आणि नव्या डिस्क लवकर जातात.

शाळेच्या गाड्या आणि पासिंग

भाड्याच्या गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. शाळेच्या मुलांच्या वाहतुकीसाठी राज्यात २०११ पासून वेगळे नियम आहेत. पण पासिंगला गाडी थांबते की नाही हे बघितलं जातं. डिस्कची जाडी किती उरली हे त्या कागदावर येत नाही. पासिंग झाल्याच्या दुसऱ्या महिन्यात पॅड लोखंडाला लागू शकतात. ज्या गावात पोरं व्हॅननं जातात तिथल्या पालकांनी व्हॅनवाल्या दादांना जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी आणि दिवाळीच्या सुट्टीत डिस्कचं माप विचारावं. त्यात त्यांचा अपमान नाही.

माप लिहून ठेवायला वही लागत नाही. चाक खोललं की कोरलेल्या आकड्याचा आणि व्हर्नियरच्या आकड्याचा मोबाईलमध्ये फोटो काढायचा, त्यावर मीटरचं किलोमीटर टाकायचं. पुढच्या वेळी दोन फोटो शेजारी धरले की दहा हजारात किती झीज झाली ते कळतं, आणि हद्द गाठायला अजून किती किलोमीटर आहेत ते वजाबाकी-भागाकारानं निघतं. उजव्या-डाव्या चाकाचे फोटो वेगवेगळे ठेवावेत; दोन्हीत फरक वाढत असेल तर जी बाजू जास्त झिजते, तिच्या कॅलिपरची पिन आधी बघायची.